दिल्याची दुबईची डबी

आमच्या दिल्याने मारुती घेतली ना, तेव्हा उल्हासनगरच्या एका दुकानदाराने त्याच्या गळ्यात एक डबी मारली. "साईं, दुबईचा माल! पुढे पोलिसाचं रडार असलं की लांबूनच बोंबलते."

मी म्हटलं, "अरे, आपल्या हवालदाराकडे शिट्टीशिवाय असतं काय?"

"जळतोस तू!" दिल्या म्हणाला. डबी पोलिसाला दिसायला नको, म्हणून त्याने डॅशबोर्डच्या कप्प्यातलं लायसन आणि कागद घरी काढून ठेवले आणि त्या कप्प्यात डबी बसवली.

कुळगावहून अंबरनाथला निघालो. शिवमंदिराच्या अलीकडे कप्प्यातून पीं पीं सुरू झालं. दिल्याने मारुतीची पार बैलगाडी केली. सायकलवाले वळून बघत पुढे जायला लागले. तेवढ्यात झाडाखालून एक हवालदार शिट्टी फुंकत आडवा आला.

दिल्या म्हणाला, "साहेब, मी तर किती हळू चालवतोय!"

"म्हणूनच थांबवलं. या रस्त्यावर एवढं हळू फक्त लायसन नसलेला चालवतो. दाखवा."

दिल्याने माझ्याकडे बघितलं. कप्प्यात पीं पीं चालूच.

"हे काय ओरडतंय?"

दिल्याच्या तोंडून खरं तेच निघालं, "साहेब, पुढे पोलीस असला की ओरडतं."

हवालदार कप्प्याकडे वाकून म्हणाला, "बस कर बाई आता. आलोय मी."