माळ्यावरचं भूसंपादन

हसू नका, पण माझी रेल्वे भूसंपादनात अडकली होती.

रिटायर झाल्यावर इंद्रपुरीतल्या घराच्या माळ्यावर छोटी रेल्वे मांडायची ठरवली; हे माझं शाळेपासूनचं स्वप्न. भिंतीला धरून गोल रूळ, दोन स्टेशनं, एक बोगदा. नकाशा काढून बायकोला दाखवला. तिची सगळी नोकरी भूसंपादनाच्या ऑफिसात गेलेली. तिनं चष्मा लावला.

"बोगद्याच्या जागी गाद्या आहेत. त्या कुठे जाणार?"

"दिवाणात."

"आणि तांब्याच्या हंड्यांचं पुनर्वसन?"

मी खोडरबर शोधायला लागलो.

महिनाभर हरकती चालल्या. शेवटी चार हात रूळ मंजूर झाला, पापडाच्या डब्यापासून शिडीपर्यंत.

आता जेवायच्या वेळी मी माळ्यावर बसून मालगाडीत पापड भरतो. काल जरा उशीर झाला, तर खालून आवाज, "अहो, गाडी किती लेट आहे?"