न पोचवलेले सलाम

बायबलातलं जे वचन मी त्या रविवारी मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, वाचलं, ते देवासाठी वाचलं नव्हतं, माझ्या बायकोवर जळून वाचलं होतं, आणि ही गोष्ट मी कित्येक वर्षं कुणाला कळू दिली नाही.

आम्ही मूळचे टेंभुर्णीचे. माझे वडील शिवणकाम करत आणि रविवारी मंडळीत शास्त्र, म्हणजे बायबल, वाचत, कारण उपासना चालवणारे पाळकसाहेब जालन्याहून महिन्यातून एकदाच येत. वडिलांमागे मशीनही माझ्याकडे आलं आणि शास्त्र वाचणंही. आमच्याकडे दर रविवारी एक अध्याय, असं ओळीनं वाचायची रीत आहे. फक्त पौलाच्या रोमकरांस पत्राचा शेवटचा अध्याय वडील गाळत. त्यात नुसती नावं आणि त्यांना सलाम; नावं अवघड, जीभ अडखळते, लोक हसतात. म्हणून मीही गाळत आलो.

काय सांगू तुम्हाला, माझी बायको मार्था हळू बोलते, तिची प्रार्थना लहान असते, आणि लोकांना तीच हवी असायची. एकदा शेजारची रशीदाभाभी दारात आली, भाभी है क्या, बच्चे को बुखार है, जरा दुवा करनी थी. मी मशीनवरून उठलो, म्हणालो, मी येतो ना. तर ती म्हणाली, तुम नक्को भाईजान, तुमारी दुवा खतम होने तक बुखार खुदीच उतर जाता. मार्था हसली, मीही हसलो, आणि दुपारी एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजची बाही उलटी कापून बसलो.

मग मंडळीचा कारभार पाहणारे पंच निवडायची वेळ आली. सर्वांत जुने पंच शांतवनकाका मंडळीत उठून म्हणाले, औंदा मार्थाबाईला पंच करू, पाळकसाहेब नसले की उपदेशबी त्याच करतील, लोकं त्यायचं बराबर ऐकून राह्यले. माझ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. त्या दिवसाचा अध्याय वेगळाच होता. मी पानं उलटली, पौलानंच तीमथ्याला लिहिलेलं पत्र काढलं, आणि बाईनं शिकवू नये, पुरुषावर अधिकार चालवू नये, या अर्थाचा मजकूर सावकाश वाचून पुस्तक मिटलं. त्याचा अर्थ काय लावावा यावर पाळकांतही दोन मतं आहेत, आणि तो अक्षरशः मानणारी सरळ मनाची माणसं मी पाहिली आहेत. मी मानत नव्हतो, मी वापरला.

मार्था बायका बसतात त्या बाजूला उठून उभी राहिली आणि म्हणाली, काका, माझं नाव राहू द्या.

घरी तिनं रोजच्यासारखं वाढलं. पण त्यानंतर कुणी प्रार्थनेला बोलवायला आलं की ती म्हणे, ह्यांना न्या. लोक दोन घटका थांबत, आणि परत जात. मला जे हवं होतं ते मिळालं होतं, काय सांगू तुम्हाला, आणि घर पार मुकं झालं होतं.

या उन्हाळ्यात माझ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वाचायला मनाई, म्हणून मार्था मला शास्त्र वाचून दाखवायची. रोमकरांस पत्र संपत आलं तेव्हा मी सवयीनं म्हणालो, पुढचं सोड, तो सलामांचा अध्याय आहे. ती म्हणाली, मंग काय झालं, वाचते की. पहिलंच नाव फीबीचं, मंडळीची सेवा करणारी बाई. तिला मान द्या, लागेल ती मदत करा, असं पौल सांगतो. मग प्रिस्का आणि अक्विला, आणि तिथं नवऱ्याच्या आधी बायकोचं नाव. ज्या पौलाला मी तिच्या अंगावर सोडलं होतं, तोच हा पौल. मार्था थांबली आणि नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाली, अहो, एवढे सलाम धाडले त्यानं, आपल्या मंडळीत एकबी पोचला न्हाई.

तिनं मला टोमणा मारला नव्हता. म्हणूनच तो लागला.

पुढच्या रविवारी तिला मी शास्त्र वाचायला उभं केलं, तोच अध्याय. ती दोन ठिकाणी अडखळली, कुणी हसलं नाही. नंतर मी काळा चष्मा काढून उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, काका, मार्थाला पंच करायचं की नाही, उपदेश कुणी द्यायचा, हे तुम्ही सगळं शास्त्र उघडून ठरवा, यावेळी मी पानं उलटणार नाही. मार्था, त्या दिवशी मी वाचलं ते पौलाचं होतं, पण जळफळाट माझा होता. माझं चुकलं. मला माफ कर.