योग्य व्यक्ती

समारंभाचे अध्यक्ष माननीय भास्करराव नाखरेकर, व्यासपीठावरील मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती मथुराबाई सुर्वे आणि जमलेल्या रत्नागिरीकर बंधुभगिनींनो,

अठ्ठावीस वर्षं परिविक्षा अधिकारी, म्हणजे प्रोबेशन ऑफिसर, म्हणून काम करून मथुराबाई आज निवृत्त होत आहेत. त्यांच्या गुणांविषयी आधीचे वक्ते बोललेच. मी माझ्या एका चुकीविषयी बोलणार आहे. चालेल ना, अध्यक्षमहाराज?

मुलांसाठीचा नवा कायदा आला, जिल्ह्यात बाल कल्याण समिती झाली, तेव्हा मी तिचा अध्यक्ष होतो. जन्मभर मास्तरकी केलेली. मुलं आपल्याला कळतात, असा माझा समज होता.

पाच वर्षांपूर्वी, २००३च्या मार्चमध्ये, मालगुंडची दोन भावंडं आमच्यापुढे आली. सानिका नऊ वर्षांची, समर्थ चार. आई काविळीनं गेलेली. वडील बोटीवर गेले, त्यांचा दोन वर्षं पत्ता नव्हता. शेजारच्या यमुनाबाई मुलांना सांभाळत होत्या. आंब्याच्या बागेत कामाला जाणारी, एकटी बाई. मुलं तिथेच ठेवावीत, असा मथुराबाईंचा अहवाल होता. मी यमुनाबाईंना विचारलं, तुमचं नातं काय?

"नातं नाय. शेजार हाय," त्या म्हणाल्या.

मी तेवढंच लिहून घेतलं आणि मुलाला एका संस्थेत, मुलीला दुसऱ्या संस्थेत पाठवण्याचा आदेश काढला. "समर्थला झोपताना माझी वेणी हातात लागते," असं सानिकानं सांगितलं. आम्ही कौतुकानं हसलो, आणि सह्या केल्या.

मथुराबाई भांडल्या नाहीत. दर आठवड्याला दोन्हीकडे जाऊन येत राहिल्या. सहा आठवड्यांनी माझ्यासमोर येऊन बसल्या. समर्थनं बोलणं सोडलं होतं. आजारी नव्हता, रडत नव्हता. नुसता बोलत नव्हता. त्यांनी कायद्याचं पुस्तक उघडून माझ्याकडे सरकवलं.

"साहेब, मूल कुणाकडे सोपवावं, तिथं 'योग्य व्यक्ती' म्हटलंय. नातेवाईकच हवा, असं कुठं लिहिलेलं नाही."

हे कलम मी वाचलं नव्हतं का? वाचलं होतं. पण यमुनाबाई समोर उभ्या असताना मला ते आठवलं नाही.

त्याच आठवड्यात आदेश बदलला. मथुराबाई स्वतः दोघांना मालगुंडला घेऊन गेल्या. आठव्या दिवशी समर्थ बोलला. यमुनाबाईंकडे त्यानं भाकरी मागितली. वडिलांचा पत्ता अजूनही नाही. समर्थ आता शाळेत जातो, आणि वर्गात गप्प बसत नाही अशी त्याच्या बाईंची तक्रार आहे.

मथुराबाई, तुम्ही माझा आदेश मोडला नाहीत, मला तो बदलायला लावलात. तुमचे आभार कोणत्या शब्दांत मानू? संयोजकांनी मला बोलू दिलं, त्यांचाही ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर सभागृहानं पोटात घालावं.

त्या सहा आठवड्यांचं मात्र सभागृहाकडे मागून भागणार नाही. सानिका, तू दुसऱ्या रांगेत बसली आहेस. बाळ, त्याची माफी मी तुझ्याकडे मागतो.