कयाकच्या शेपटाचं काळं फडकं

तुम्ही हसाल, पण त्या दिवशी दादाची सरकारी नोकरी गेलीच असं मी धरून चालले होते. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चांचे दिवस ते! आम्ही त्याच्या मित्राची कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची लांबलचक होडी, व्हॅनच्या टपावर बांधून गिरगावातून निघालो. होडीचं शेपूट मागे बाहेर आलेलं, ते मागच्या गाड्यांना दिसावं म्हणून दादाने त्याला फडकं बांधलं. लाल मिळेना, तर जुन्या छत्रीचं काळं.

लालबागला हवालदाराने शिट्टी मारली. दादाने व्हॅन कडेला घेतली.

"सरकारला काळं निशाण दाखवता?"

"नाही हो साहेब, लाल मिळालंच नाही!" मी रडकुंडीला आले.

हवालदाराने आजूबाजूला पाहिलं, टाचा उंचावून फडक्याची गाठ स्वतःच आवळली आणि हळूच म्हणाला, "सुटत होतं. आता सावकाश न्या, सगळ्यांना दिसू दे."