पांढरं तेल

— कुठलंबी द्या? असं बोलू नका भाऊ, निदान माझ्या काउंटरवर तरी बोलू नका — डॉक्टरकडं जाऊन सांगता काय, कुठलीबी गोळी द्या? न्हाय ना? मग गाडीनं काय घोडं मारलंय तुमचं? आधी गाडी बघू द्या. ती बाहेर उभी हाय ती? — हां, जुनी हाय, गियरची, टू-स्ट्रोक. आजकाल बिनगियरच्या निघाल्यात ना, पोरी चालवतात सुमडीत, आवाज न्हाय, धूर न्हाय, त्या फोर-स्ट्रोक — त्यांचं तेल खाली इंजिनात टाकायचं, पट्टी काढून लेव्हल बघायची. तुमच्या गाडीचं तसं न्हाय. तुमचं तेल पेट्रोलमध्ये. लिटरला वीस मिली, जास्त न्हाय, कमी न्हाय. जास्त टाकलं तर प्लग काळा, सायलेन्सरमधून चुलीसारखा धूर. आणि कमी टाकलं — कमी टाकायचंच न्हाय. ह्या पुड्या बघा, टू-टी तेलाच्या, एक पुडी दोन लिटरला. पंपावर गर्दी असते, तिथला माणूस तुमच्याकडं बघतबी न्हाय, म्हणून पुड्या जवळ ठेवायच्या, डिकीत. वहिनींना बोलवा की सावलीला, उन्हात कशाला सीटवर बसल्यात? नको म्हणतात? बरं. घाईत दिसता. कुठं, पडघ्याला? — हं. पडघ्याला.

न्हाय, ते न्हाय. त्या पिंपाकडं बोट दाखवू नका. ते लूमचं, यंत्रमागाचं तेल हाय. कोण बोललं तुम्हाला, जॉबर? अहो, जॉबर लूम दुरुस्त करतो, स्कूटर न्हाय. त्याला काय, त्याच्या लूमला ते चालतं — पांढरं असतं ना, पाण्यासारखं, कापडावर उडालं तरी धुतल्यावर डाग जातो, म्हणून अख्खी भिवंडी ते नेते. पातळ असतं. मागाची खटखट चालू राहावी, एवढंच त्याचं काम. पिस्टनची आग त्याला झेपत न्हाय. चार किलोमीटर जाल, दहा जाल, तुम्हाला वाटंल काय झकास चाललीय — आणि मग बाराव्या किलोमीटरला, चढावर, मागं बायको बसलेली, उन्हाचा तडाखा — पिस्टन चिकटतो. इंजिन जाम. मागचं चाक असं लॉक होतं, जसं कोणी खालून हात घालून धरलं. क्लच दाबायला वेळ मिळाला तर नशीब. बाराव्या म्हणजे — तेरा असेल, मी काय मोजत न्हाय गेलो. सांगायचं एवढंच की न्हाय देणार. तेच पायजे, दुसरीकडं मिळतं म्हणाल तर खुशाल घ्या, पण माझ्या हातानं न्हाय.

रागावलो न्हाय हो. माझा आवाजच तसा हाय. आणि अजून एक — आता चार वाजतील, माझा मोठा भाऊ येईल, अनंतादादा. टेमघरवरून चालत येतो, पाय ओढत, आणि ह्या स्टुलावर बसतो. तो आला की ह्या पिंपाचा विषय काढायचा न्हाय. एक शब्द न्हाय. तो तुम्हाला विचारील, गाडी कुठली, मग सांगील — भाऊ, तेल टाकायला विसरू नका, मी विसरलो, माझी बायको गेली. असंच सांगतो. प्रत्येक गिऱ्हाइकाला. ओळख ना पाळख, पण सांगतो. काही जण उठून जातात, काही जण चहा मागवतात त्याच्यासाठी. सहा वर्षं झाली. तुम्ही फक्त मान हलवायची, हो बोलायचं, आणि निघायचं. कराल ना एवढं?

काय झालं म्हणजे — झालं. पडघ्याला वहिनीच्या भावाकडं हळद होती, भाच्याची. आमच्या आगऱ्यांची हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी, तुम्हाला ठाऊक असेल, बँड, मटण, सगळं गाव. दादाची पोरगी — पूर्वी नाव तिचं, तेव्हा सोळा वर्षांची — आदल्या दिवशीच मामाकडं गेली होती. हे दोघं सकाळी निघाले स्कूटरवरनं. हायवेला चाक लॉक झालं. दादा एका बाजूला, वहिनी दुसऱ्या बाजूला, आणि मागून ट्रक. — त्या पोरीनं मांडवात आईची वाट बघितली, हातात ओटीचं ताट. दादाच्या डोक्याला मार. आठ दिवसांनी डोळे उघडले, तर आदल्या संध्याकाळपासूनचं सगळं पुसलेलं. घरून निघाल्याचं आठवत न्हाय, वाटेत थांबल्याचं आठवत न्हाय. मेकॅनिकनं गाडी खोलली — पिस्टन घासून गेलेला. टाकीतलं पेट्रोल बघितलं तर साधं, कोरं. टू-टी असतं ना, त्याला रंग असतो, पेट्रोल रंगतं, लगेच कळतं. मेकॅनिक सगळ्यांसमोर बोलला, तेल टाकलंच न्हाय, नुसत्या पेट्रोलवर चालवली. मग काय, घाई केली, विसरला — सगळ्यांनी तेच धरलं. पोलीस आले, मलाबी विचारलं, तुमचं तर तेलाचं दुकान, इथून घेतलं का त्यांनी? मी बोललो, न्हाय, दादा त्या सकाळी दुकानावर आलाच न्हाय. तेवढंच विचारलं. पुन्हा कोणी विचारलं न्हाय.

माझी वहिनी कोण होती सांगू? पुतळाबाई. मी सात वर्षांचा, आई गेली, तेव्हा ही लग्न होऊन आलेली, स्वतःच अठराची. मला न्हाऊ घालायची, डोळ्यात साबण गेला की पदरानं पुसायची. माझ्यासाठी भाकरीचा पापुद्रा वेगळा काढून ठेवायची, कारण मला तोच आवडायचा. आमची वळ गावातली जमीन गोदामवाल्यांना गेली तेव्हा दादा बोलला, दोघा भावांच्या नावानं काहीतरी करू, तर ही बोलली, भावजींना दुकान टाकून द्या, त्यांना यंत्राची आवड हाय. हे दुकान तिचं समजा. उद्घाटनाचा नारळ तिनं फोडला, इथं, ह्या पायरीवर. आणि त्या दिवशीबी — हिरवी साडी, डोक्यात अबोली, सीटवर बसलेली तुमच्या बायकोसारखी, खाली उतरलीपण न्हाय, तिथनंच ओरडते, भावजी, लवकर करा हो, तिकडं माझी पोरगी वाट बघते —

काय?

आलाच न्हाय बोललो का मी? हां. बोललो खरं.

बसा भाऊ. न्हाय, बसा दोन मिनिटं. तोंड का उतरलं तुमचं? सहा वर्षांत मी हे कोणाला बोललो न्हाय, बायकोलाबी न्हाय, आणि तुम्ही कोण, कुठले, पिंपाकडं बोट दाखवता आणि माझ्या तोंडातून — जाऊ द्या. पुड्या संपल्या होत्या. एवढंच. माल येणार होता दुपारी. दादा बोलला, मग पुढच्या दुकानातून घेतो. आता सख्खा भाऊ माझ्या दुकानावरून उठून समोरच्याकडं तेल घेणार, तो दात काढणार, म्हणणार, दामूशेटच्या घरचेच माझ्याकडं येतात — मला ते लागलं. बस, एवढा माझा मान! मी बोललो, थांब, तेल ते तेल, पडघ्यापर्यंत काय होतंय. पिंपातलं मापाला घेतलं, बाटलीत ओतलं, दादाच्या हातात दिलं. त्यानं विचारलं, अरे, हे पांढरं कसं? मी हसलो. बोललो, तुला काय कळतंय, नवीन निघालंय. तो काय बोलणार? मी यंत्रातला माणूस. त्यानं टाकीचं झाकण काढलं, सगळं ओतलं, एक थेंब बाहेर सांडला न्हाय, फडक्यानं झाकण पुसलं. तो विसरला न्हाय, भाऊ. माझा भाऊ काहीच विसरला न्हाय.

का न्हाय सांगितलं? मीच विचारतो मला. आधी वाटलं, दादा वाचू दे, मग सांगतो. वाचला, तर वाटलं, जरा ताकद येऊ दे. ताकद आली तर पहिला प्रश्न त्यानं हाच केला, दामू, मी तेल ओतलं होतं का रे? आणि मी — बोललो, घाईत विसरला असशील दादा, माणूस विसरतो. त्यानं मान खाली घातली. ती आजवर वर केली न्हाय. त्यानंतर रोज सांगायचं ठरवतो, आणि रोज एक दिवस जास्त होतो. एक दिवस लपवलेलं सांगता येतं हो. सहा वर्षं लपवलेलं कसं सांगायचं, तुम्ही सांगा. पाप हाय, ठाऊक हाय मला.

आणि आता तर — ही पत्रिका बघा. घ्या, वाचा. ह्या रविवारी पूर्वीचं लग्न. खाली नाव कोणाचं? माझं, माझ्या बायकोचं. आता रीत हाय, बायको गेलेला माणूस कन्यादानाला बसत न्हाय, काका-काकी बसतात, त्याचं कोणाला काय वाटत न्हाय. पण पोरगी बोलली, बाबा मांडवातच नको. सगळ्या घरासमोर बोलली. बोलली, मला बाबांकडं बघितलं की आई दिसते रस्त्यावर पडलेली. सहा वर्षं एका घरात राहते, बापाला ताट वाढते, तोंडातून शब्द काढत न्हाय. आणि मग माझ्या गळ्यात पडून रडली — काका, तुम्हीच माझे बाप. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ह्या हातानं. दादा कोपऱ्यात होता. मला वाटलं, आता तरी भांडेल, एक शिवी देईल. तर काय बोलावं त्यानं? बोलला, बरोबर हाय पोरीचं. दामू, तू बिनघोर जा, त्या दिवशी दुकानावर मी बसतो.

म्हणून आज मी ठरवलंय. खरंच ठरवलंय, सकाळी देवाला सांगून आलोय. आज आला की शटर अर्धं ओढायचं, त्याच्यापुढं बसायचं आणि सांगायचं. मारू दे मला. पूर्वीनं माझं तोंड बघितलं न्हाय तरी चालेल, बापाच्या हाताला धरून ती मांडवात गेली म्हणजे झालं. अजून पाच दिवस हायत, वेळ गेली न्हाय — न्हाय ना गेली? तुम्ही बोला काहीतरी. नुसते बघू नका माझ्याकडं.

लाईट गेली वाटतं. बघा, लूम थांबले की कशी सगळी गल्ली गप होते. — ऐकलंत? चप्पल घासतेय. तोच. उठू नका एकदम, त्याला संशय यायला नको. पुडी हातात धरा. आणि तोंड सरळ करा भाऊ, पाया पडतो तुमच्या.

ये दादा. ये, बस. पाणी घे, घामाघूम झालास. — हे? गिऱ्हाईक हाय, पडघ्याला चाललेत, त्या बाहेर त्यांच्या मिसेस. हो, टू-स्ट्रोक. — सांग ना, सांग त्यांना तू. — ऐका भाऊ, काय सांगतात ते. — हां. हां दादा. न्हाय विसरणार ते, मी दिल्यात पुड्या. डोळे पूस. पूस म्हणतो ना.

दादा, मला जरा तुझ्याशी बोलायचंय. बस, शटर ओढतो थोडं. हे काय आत्ता जातील. — काय? चावी? कसली? — रविवारची. हो. अरे पण आज मंगळवार. — उद्यापासून घर भरेल पाहुण्यांनी, मग ह्या गर्दीत तू विसरशील म्हणतोस. तू — न्हाय दादा, तू कुठं — हं. इस्त्रीला टाकलास माझा सदरा? कशाला रे तू गेलास, मी गेलो असतो. फेटापण बघून ठेवलास? पूर्वीला कुठला रंग आवडतो ते तुला बरं ठाऊक.

ही घे. ही वरच्या कुलपाची, ही छोटी गल्ल्याची. शटर उजव्या बाजूला अडकतं, जरा उचलून ओढ. जेवण मी पोराकडून पाठवीन मांडवातलं. न्हाय कसं, खायचंस तू. पोरीच्या लग्नाचं हाय.

— आणि तुम्ही काय उभे राहिलात हो अजून? मिळालं ना तेल? बाई बिचारी उन्हात बसलीय तिथं. काय बोलायचं न्हाय, काय न्हाय बोलायचं तुम्ही — दादा, त्यांच्याकडं लक्ष देऊ नको, सुट्ट्या पैशांवरून घोळ झाला. निघा. निघा म्हणतो ना!