सातव्या क्रमांकाचं पुस्तक

पत्र देते की — पत्र द्यायला माझं काय जातंय, पण त्यात नेमकं काय लिहू ते सांगा, सर. 'सदर पुस्तक ग्रंथालयात उपलब्ध होते', एवढंच ना? म्हणजे त्या मुलीची तक्रार खोटी, तुम्ही तिला निबंधात नापास केलंत ते बरोबर, प्राचार्य खूश, मिटलं. फक्त ते पुस्तक नाहीये. नुसतं इथे नाही असं नाही, कुठेच नाही — कुणी लिहिलेलंच नाही ते. मी बनवलं. नाव, लेखक, प्रकाशक, साल, सगळं, याच टेबलावर बसून, चहा पिता पिता.

असं बघू नका माझ्याकडे. पहिल्या वर्षाला निबंध शिकवणाऱ्या प्रत्येकाला मी दरवर्षी बारा संदर्भांची यादी देते आणि त्यातला सातवा मुद्दाम खोटा घालते, पोरं खरंच शोधतात का ते कळावं म्हणून. आणि हे मागच्या बाजूला लिहिलेलं असतं — आहे ना पिशवीत यादी? काढा. उलटा. वाचा. मनात वाचा, लोक बसलेत. 'सातवे पुस्तक अस्तित्वात नाही. जो विद्यार्थी शोधून तसे सांगेल, त्याला पूर्ण गुण द्यावेत.' कागद उलटायला किती कष्ट पडतात हो? वर्गात सांगायचं, मूळ संदर्भ तपासा, आणि स्वतः — लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. चाळीसपैकी एकोणचाळीस जणांनी त्या पुस्तकातले उतारे दिलेत, सर. पान क्रमांकासकट. आणि समासात तुमची लाल शाई — 'उत्तम संदर्भ'. तपासलेले गठ्ठे इथेच आणून टाकता ना तुम्ही, मी वाचते ते. एकटीने लिहिलं, 'हे पुस्तक मला मिळाले नाही', तर तिला शेरा काय — कष्ट घेतलेले दिसत नाहीत.

कष्ट नाहीत? चार वेळा आली ती. चार दिवस, कपाट न् कपाट, जुने कॅटलॉग, शहरातल्या दुसऱ्या दोन वाचनालयांत जाऊन आली, वहीत सगळं टिपलेलं — दाखवली ना मला वही. मी काय म्हणाले? मी म्हटलं, नीट शोध. — का म्हणजे? नियम आहे माझा, विद्यार्थ्याने स्वतःच्या तोंडाने म्हटल्याशिवाय की हे पुस्तक नाहीच, मी काही बोलत नाही. सात वर्षं वाट बघतेय मी असं कुणी म्हणण्याची. ओठावर आलं होतं तिच्या, दिसत होतं मला, आणि मी आपली — डोळे उघडे ठेवून शोध, म्हटलं, पुस्तकं कुठे पळून जात नाहीत. चौथ्या दिवशी रडली. मी चष्मा पुसत बसले. एक शब्द, सर, एक शब्द बोलले असते तर तुमच्या लाल शाईची काय बिशाद होती.

काल वाचनालयाचं कार्ड परत करून गेली. कॉलेज सोडतेय म्हणाली. का म्हणून विचारलं, तर म्हणते, मॅडम, मला शोधता येत नाही.

तिला. तिला येत नाही.

पत्र मी प्राचार्यांना देणार आहे, तुम्हाला नाही. त्यात आधी माझं नाव असेल, मग तुमचं. आता उठा.