गणित सुटलं

पोंभुर्ण्याच्या बसस्टँडवर माझ्या पुढं आशाबाई उभी होती. तिच्या गावचे हेमराज गुरुजी पेपर फडकवत आले. एवढ्या मोठ्यानं बोलल्यावर मी कान काय पिशवीत घालू?

"आशाबाई, आपल्या दिव्यानीले गणिताचा मोठा पुरस्कार भेटला!"

"थट्टा नोका करू गुरुजी. तिचं गणित त सुटलं."

"म्हणूनच त भेटला!"

"थेच म्हणे फोनवर, आई, बारा वर्साचं गणित सुटलं. रडून राह्यली होती बिचारी."

"मंग तुमी काय म्हटलं?"

"काय म्हणीन? नोकरीबी सुटते मानसाची. घरी ये म्हटलं, माय हाय अजून."

"अवो बाई! सुटलं म्हंजे उत्तर निंगालं! जगात कोनालेच निंगत नव्हतं थे!"

"अगा माय वो!"

"हा पाहा पोरीचा फोटो."

"आन म्या त तिच्या मामाले गोंडपिपरीच्या पाहुण्याइकडे लग्नाचा होकार घेऊन धाडलं! पोरगी आता रिकामीच हाय म्हणून!"

"दिव्यानीले इचारलं?"

"कायले इचारू? आताच्याच बसनं गेला थो."

"फोन लावा त्याले!"

"लागून नाई राह्यला. जंगलात शिरली असन बस. ओ ऑटोवाले भाऊ, गोंडपिपरी चालता का? लवकर!"

"तीन सवाऱ्या झाल्याशिवाय नाई निंगत बाई."

"आमी दोघंच हावो ना गा!"

मी पिशवी आत टाकली आणि चढून बसले.

"आता मोज," मी त्याला म्हटलं.